मिठाच्या बादलीवर फारो

आमचे वडील गवंडी होते, आणि कीर्तनकारही. दिवसभर परांचीवर, संध्याकाळी देवळात. आम्ही ख्रिस्ती, पण गावाकडं प्रार्थनेच्या घराला आम्ही देऊळच म्हणायचो, आणि शास्त्रातल्या गोष्टी आमच्याकडं कीर्तनातूनच सांगितल्या जायच्या. पेटी, झांजा, सगळं जसंच्या तसं. वडिलांचं आवडतं आख्यान मिसर देशातल्या पीडांचं. इस्राएल लोक फारो राजाचे गुलाम. मोशे येऊन म्हणतो, माझ्या लोकांना जाऊ दे. फारो म्हणतो, नाही सोडणार. मग देव पीडा पाठवतो. नदीचं रक्त होतं, बेडूक येतात, उवा, माश्या, गुरांची मरी, असं करत करत शेवटी घराघरातलं थोरलं लेकरू मरतं. मधे मधे फारो गयावया करतो, पीडा टळते, आणि टळली की पुन्हा म्हणतो, नाही सोडणार. शास्त्र सांगतं, त्याचं मन कठीण झालं. काही ठिकाणी सांगतं की त्यानं स्वतःच ते कठीण केलं, आणि काही ठिकाणी सांगतं की देवानं केलं.

इथं ऐकणाऱ्यांतलं कोणीतरी उठायचंच. देवानंच केलं तर फारोचा काय दोष, आणि मग शिक्षा कशाची? वडील याचीच वाट बघत असायचे. झांज थांबवून विचारायचे, प्लास्टर कशानं पक्कं होतं? कोणी म्हणायचं उन्हानं. "मग उद्यापासून तू माझ्या कामावर येऊ नको बाबा," वडील म्हणायचे. उन्हानं प्लास्टर तडकतं, पक्कं होतं ते पाण्यानं. सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं. देवानं फारोवर काय मारलं? दयेचं पाणी मारलं. बेडूक मागं घेतले, माश्या मागं घेतल्या, गारा थांबवल्या, आणि दर पाण्याला हा गडी आणखी पक्का होत गेला. मातीची भिंत असती तर त्याच पाण्यानं विरघळली असती. हा सिमेंटचा होता, त्याला देव तरी काय करील?

लोक हसायचे, मान डोलवायचे. मीही हसायची. ते मला कळलं मात्र फार पुढं, अमेरिकेत, आणि कळून काही बरं वाटलं नाही.

थोरल्या बहिणीला मी आक्का म्हणते. आई गेली तेव्हा आक्का नर्सिंग शिकत होती आणि मी सहावीत होते. घर बघायला दोघींतली एक पाहिजे होती, म्हणून माझी शाळा सुटली. त्याचं मी मनात काही धरलं नाही. आक्का शिकली म्हणून तर पुढं सगळ्यांचं निभावलं. ती मिशिगनमध्ये ॲन आर्बरला हॉस्पिटलात लागली, तिथंच तिचं लग्न झालं, आणि माझे कागद तिनं केव्हाचे करून ठेवले होते. ते मंजूर झाले आणि तिला मुलगी झाली, हे एकाच हिवाळ्यात घडलं. वडील तोवर गेलेले होते. विमानतळावर आक्का स्वतः नुसत्या स्वेटरवर उभी होती आणि तिचा कोट तिनं माझ्यासाठी हातावर धरला होता. तो कोट मी अजून टाकलेला नाही.

आक्काची रात्रपाळी, दाजी युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये, त्यामुळं लेकरू माझ्याच अंगाखांद्यावर वाढलं. तिला अंघोळ मी घालायची, भरवायची मी, थोपटायची मी. मावशी म्हणता येईना म्हणून ती मला 'माशी' म्हणायची, आणि दाजी म्हणायचे, झालं, चौथी पीडा आली. पाच वर्षं ती माझ्याशी फक्त मराठी बोलली. झोपताना मी तिला वडिलांचीच आख्यानं सांगायची.

माझं ग्रीन कार्ड माझ्या नावावर होतं, त्याला आता कोणी हात लावू शकत नाही असं आक्कानं मला दहादा समजावलं होतं. तरी मला सारखं वाटायचं की मी या देशात आहे ते या लेकरामुळं. लेकराला माझी गरज आहे तोवर मी आहे. दारावर पोस्टमन आला तरी वाटायचं, मला परत पाठवायचा कागद आला. आक्कानं मला बस कशी पकडायची ते शिकवलं, दाजींनी दुकानात पैसे कसे द्यायचे ते शिकवलं, आणि ते जितकं शिकवत तितकं मला वाटे, ही मला हळूहळू मोकळी करायची तयारी चालली आहे.

आक्काची मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याची एक मुलगी आमच्याकडं आली. आमच्याच समाजातली, केमिस्ट्रीत पीएचडी करायला आलेली. ॲन आर्बरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची महिन्यातून एकदा उपासना व्हायची, एका अमेरिकन चर्चनं आपलं तळघर त्यासाठी दिलं होतं, तिथं ती आक्काला भेटली. होस्टेलचं जेवण तिला जाईना. आधी शनिवारी जेवायला यायची, मग आक्कानं तिला वरची खोलीच दिली. मला ती पहिल्या दिवसापासून मावशी म्हणाली. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असेल फार तर. आक्काच्या मुलीचं 'माशी' ऐकलं आणि उचललं. घरात मला तेवढी एकच हाक होती, तीही तिनं वाटून घेतली.

पुण्याची ती मुलगी वाईट नव्हती, हे आधीच सांगते. तेच तर अवघड होतं. आली की भांडी घासायला लागायची. मला थंडीत ओठ फुटतात हे तिच्याच लक्षात आलं आणि तिनं मलम आणून दिलं. ते मी वापरलं. रोज लावताना तिचा राग यायचा.

एके दिवशी मी फोडणी करत होते आणि आक्काची लेक मागून म्हणाली, "नॉक नॉक." मी गॅस बारीक केला, हात पुसले आणि दार उघडायला गेले. बाहेर कोणीच नव्हतं. परत आले तर लेक आणि ती पुण्याची, दोघी हसून हसून टेबलावर पडलेल्या. मग त्या पोरीनं स्वतःला आवरलं आणि मला नीट समजावून सांगितलं की मावशी, हा इकडच्या मुलांचा विनोदाचा प्रकार आहे, समोरच्यानं विचारायचं असतं, कोण आहे. मी म्हटलं, असं होय. त्यानंतर लेक तसले विनोद घेऊन माझ्याकडं कधी आली नाही. थेट वरच्या खोलीत जायची. जिन्यावरून दोघींचं इंग्रजी खाली यायचं, भरभर, मधे मधे हसू. मी खाली कणीक मळत ऐकत राहायची. कळत नव्हतं काहीच. हसू मात्र कळत होतं.

जानेवारीत आक्कानं विषय काढला. मोठ्या माणसांसाठी एक शाळा आहे, दुपारचे वर्ग असतात, पार पहिलीपासून शिकवतात. तू जा. मी विचारलं, आणि शाळेच्या बसमधून उतरल्यावर लेकराला कोण घेणार? आक्का म्हणाली, ती आहे ना, तिची लॅब सकाळची असते, तीनला ती मोकळी असते. ती स्वतःहूनच म्हणाली आहे.

स्वतःहून म्हणाली होती. मी म्हटलं, मला नाही जायचं.

मग दाजी बोलले. त्यांनी चांगलं समजावलं, ओरडले नाहीत. वर्गापर्यंत मी सोडीन म्हणाले. मी म्हटलं, नको. मग ती पोरगी स्वतः स्वयंपाकघरात आली. मावशी, तुमच्या जागी माझी आई असती तर मी तिला हाताला धरून नेलं असतं, असं म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला चहा दिला आणि नाही म्हटलं. जो तो आधीच्यापेक्षा मऊ बोलत होता, आणि मला माझा 'नाही' आतल्या आत घट्ट होताना जाणवत होता. पहिला 'नाही' मी विचार करून म्हटला होता. नंतरचे आपोआप येत होते. भांडं घासताना एकदा वडिलांचं प्लास्टर आठवलं, आणि मी नळ बंद करून तशीच उभी राहिले.

ईस्टरच्या आधी तळघरात लेकरांसाठी आख्यान असायचं. आधीची दोन वर्षं ते मीच सांगितलं होतं, वडिलांच्या चालीवर. त्या वर्षी आईबापांनी ठरवलं की पोरांना आता मराठी कळत नाही, नुसती चुळबुळ करतात. पुण्याची ताई अर्धं इंग्रजीत सांगेल. माझा मान राहावा म्हणून मला म्हणाले, तुम्ही फारो व्हा, तुमच्यासारखा फारो कोणाला जमणार?

ती माझ्याकडं शिकायला आली. तुमच्या बाबांचं सगळं मला सांगा म्हणाली. वडिलांबद्दल इतक्या वर्षांत मला कोणी विचारलंच नव्हतं. दोन संध्याकाळी मी भडाभडा सांगत सुटले, चाली म्हणून दाखवल्या, प्लास्टरचंही सांगून टाकलं.  ती म्हणाली की हा प्रश्न तिला कॉलेजात असल्यापासून छळत होता, आणि असं उत्तर तिनं कुठं वाचलं नव्हतं. मला आधी अभिमान वाटला. आणि मग झोप लागेपर्यंत वाटत राहिलं की घरातलं काहीतरी काढून मी तिच्या हातात दिलं.

एक गोष्ट तेवढी मी ठेवून घेतली. वडिलांच्या कीर्तनात फारो झालेला माणूस उलट्या घमेल्यावर बसायचा. आख्यान संपलं की सगळे त्याच्याकडं पाठ करून जेवायला जायचे, आणि त्यानं आपण होऊन उठायचं नाही, बोलायचंही नाही. मग एखाद्या लेकरानं जाऊन त्याचा हात धरायचा आणि त्याला पंगतीत आणायचं. वडील म्हणायचे, फारोचं सैन्य समुद्रात बुडालं ते बुडालं, पण फारो झालेला माणूस आपल्याच आळीतला आहे, त्याला उपाशी ठेवायचं नाही. हे आमच्या घरात फक्त आक्काला ठाऊक होतं, आणि लेकीला. लेकीला मी झोपताना कितीदा सांगितलं होतं. आक्काची त्या दिवशी ड्यूटी होती. म्हणजे राहिली लेक. तिला आठवतं का, मला बघायचं होतं. मी कोणाला काही बोलले नाही.

घमेलं कुठून मिळणार? दाजींनी बर्फावर टाकायच्या मिठाची रिकामी बादली उलटी घालून दिली. मी तिच्यावर आक्काची शाल पांघरून बसले. समोर सतरंजीवर पोरं, मागं खुर्च्यांवर मोठी माणसं. ती पोरगी फार सुंदर सांगत होती, हे मी कबूल करते. आवाज बारीक होता, पण चाल तिनं बरोबर उचलली होती. मोशेचा निरोप आणायला तिनं लेकीच्या हातात काठी दिली होती. दर पीडेच्या आधी लेक माझ्यासमोर यायची, काठी आपटायची आणि म्हणायची, "लेट माय पीपल गो." मी म्हणायची, "नाही सोडणार." पोरं खिदळायची.

बेडूक झाले, उवा झाल्या, माश्यांच्या वेळी दाजी माझ्याकडं बघून हसले. गारांपर्यंत मी नाटक करत होते. टोळांच्या वेळी लेक आली, पण काठी आपटण्याआधी तिनं मान वळवून त्या पोरीकडं बघितलं. बरोबर करतेय ना, असं. पोरीनं डोळ्यांनीच हो म्हटलं. अशी ती आजवर माझ्याकडं बघायची, पायऱ्या उतरताना, गरम घास तोंडात घेताना. लेक म्हणाली, लेट माय पीपल गो. मी म्हटलं, "नाही सोडणार." या वेळी कोणी खिदळलं नाही. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. लेक एक पाऊल मागं सरली.

मग त्या पोरीनं झांज थांबवली आणि प्लास्टरचं सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. मागं खुर्च्यांवर वा वा झालं. ती लगेच म्हणाली, हे माझं नाही, हे मावशींच्या बाबांचं, ते गवंडी होते. सगळ्यांनी माझ्याकडं वळून बघितलं, कोणी टाळ्याही वाजवल्या. तिनं तेवढं स्वतःचं म्हणून सांगितलं असतं तर मला तिच्यावर मनासारखं चिडता आलं असतं. तेही तिनं ठेवलं नाही.

शेवटची पीडा तिनं लेकरांसाठी थोडक्यात आटपली. मी म्हटलं, "जा, घेऊन जा," आणि मान खाली घातली. समुद्र दुभंगला, इस्राएल लोक पार गेले, गीत झालं, प्रार्थना झाली. माणसं पुलावाच्या आणि रश्श्याच्या ट्रेकडं गेली. मी बादलीवर बसून राहिले.

कोणाच्या काही लक्षात आलं नाही. एक काकू जाता जाता म्हणाल्या, छान झालं हं, आता उठा. मी उठले नाही. त्यांना वाटलं पाय आखडले असतील, म्हणाल्या, बसा बसा, निवांत. लेक पोरांच्या घोळक्यात होती, कागदी ताटलीतून चिप्स खात होती. मी शाल डोक्यावर ओढून घेतली. आता वाटतं काय तो वेडेपणा, तळघरात एक बाई बादलीवर बसलीय आणि एका पोरीनं यावं म्हणून देवाचं नाव घेतेय. पण त्या वेळी मला खरंच वाटत होतं की माझा न्याय होतोय. ती आली तर मी या घरातली. नाही आली तर आक्काला सांगायचं, मला गावी पाठव.

आली ती पुण्याची. माझं ताट वाढून घेऊन आली, माझ्या आवडीचा नळीचा तुकडा बघून वाढलेला. "मावशी, तुम्ही दमलात, इथंच जेवा," म्हणाली आणि ताट माझ्या मांडीवर ठेवून, पाण्याचा ग्लास पायाशी ठेवून गेली. मी त्या ताटाला हात लावला नाही. रस्सा निवून वर तवंग धरला.

मग काठीचा आवाज आला. लेक समोर उभी होती, तोंडाला चिप्सचा चुरा.

"आर यू स्टिल हिम?" ती म्हणाली.

मी बोलले नाही. फारोला बोलता येत नाही.

तिनं ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. कपाळाला आठ्या घातल्या, एखादा जुना धडा आठवावा तशा. मग काठी खाली टाकली, माझ्या मांडीवरचं ताट दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर ठेवलं आणि माझा हात धरला. हात तेलकट होता. "माशी, ऊठ," ती म्हणाली. "तुला उपाशी नाही ठेवायचं."

मराठीत म्हणाली. मला उठायचं होतं, पण पायाला मुंग्या आल्या होत्या, पाय आहे की नाही कळेना. तिनं जोर लावून ओढलं, मी अर्धवट उठले आणि परत बसले. तिनं पुन्हा ओढलं. मग मागं वळली आणि जोरात हाक मारली, "ताई!"

ती धावत आली. काय झालं, काय झालं, म्हणत तिनं माझा दुसरा दंड धरला. लेक तिला भरभर इंग्रजीत सांगायला लागली. मला तेवढं कळलं की फारोचंच सांगतेय, आजोबांचं, घमेल्याचं. पोरीनं माझ्याकडं बघितलं. "हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं, मावशी," एवढंच म्हणाली. दोघींनी मिळून मला उठवलं आणि टेबलापाशी नेलं. लेक आली म्हणून माझा जीव भांड्यात पडला होता, आणि ती एकटी पुरली नाही, तिनं हिलाच हाक मारली, म्हणून तोच जीव जळत होता. दोन्ही एकदम होत होतं. मी जेवले. भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का ड्यूटीवरून आली. मी चहा टाकला. दाजींनी तिला सगळं सांगितलेलं असणार, कारण ती नुसती कपात बघत होती. मीच म्हटलं, "मंगळवार आणि गुरुवार."

"काय मंगळवार?"

"वर्ग. मंगळवारी आणि गुरुवारी मी जाईन. त्या दिवशी ती घेईल हिला बसवरनं. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी सोडणार नाही."

आक्कानं कप खाली ठेवला. ती वडिलांचीच मुलगी. फारो शेवटी शेवटी कसा सौदे करायचा हे तिनंही माझ्याइतकंच ऐकलेलं. फक्त पुरुष न्या म्हणायचा, मग बायका-पोरंही न्या, पण गुरंढोरं इथंच ठेवा म्हणायचा, आणि गाव हसून लोळायचं.

"आणि गुरांचं काय करायचं?" आक्कानं विचारलं.

मला हसायचं नव्हतं. हसू आलं. मग ती हसली, मग आम्ही दोघी त्या स्वयंपाकघरात आई गेल्यापासून हसलो नव्हतो तशा हसलो, आणि ती म्हणाली, अगं येडे, तुला कोण घालवतंय इथून. ते तिनं याआधीही सांगितलं होतं. तेव्हा ऐकू आलं नव्हतं.

पहिल्या मंगळवारी वर्गातल्या बाईंनी फळ्यावर काय लिहिलं, मला आठवत नाही. माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं होतं. पिवळी बस कोपऱ्यावर थांबायची वेळ झाली तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं. वारा सुटला होता. लेकीच्या कोटाची सगळ्यात वरची गुंडी ती कोणाला लावू देत नाही, गळ्याला टोचते म्हणते. हनुवटीखाली आधी बोट घालायचं आणि मग लावायची, तर लावू देते. हे त्या पोरीला मी सांगितलं नव्हतं. सांगायचंही नव्हतं.

घरी आले तेव्हा दोघी अंगणात होत्या. लेक पळत आली आणि माझ्या पोटाला बिलगली. मी तिच्या गळ्याशी हात नेला. गुंडी लावलेली होती.

कोणी लावली, मी विचारलं नाही.